डावा कौल

कापडे गावाच्या वरच्या अंगाला डोंगरात जी वाडी आहे, तिथे गोमाजीच्या घरात मंगळवारी चूल लवकर पेटायची. त्याही मंगळवारी ऋतिका, म्हणजे गोमाजीची सून, चुलीपुढे भाकऱ्या थापत बसली होती. तांदळाच्या भाकरीला दोन्ही हात लागतात आणि ऋतिकाचा एकच हात मोकळा होता. डाव्या हाताचं बोट तिनं हनुवटीला टेकवलं होतं. ते बोट तिथून हललं, की मान आपोआप डाव्या खांद्याकडे ओढली जायची आणि मानेपासून पाठीपर्यंत कळ उठायची. बोट टेकलेलं असलं की मान बरीचशी समोर राही. पण एकाच हातानं थापलेली भाकरी एका अंगाला जाड व्हायची आणि दुसऱ्या अंगाला फाटायची.

रंगूबाई, तिची सासू, एरवी अशा भाकरीवरून घर डोक्यावर घेणारी बाई होती. पण मंगळवारी ती सुनेला भाकरीवरून बोलत नसे. मंगळवारी सून देवी असायची.

"आटप गो, माणसं यायला लागतील," रंगूबाई म्हणाली. "हिरवी साडी काढून ठेवलीय तुझी. आणि त्यो हात खाली घे आता. लोकांफुडं असा तोंडाला हात लावून बसलेली बरी दिसत नाय."

"आत्या, लय दुखतंय. रात्रभर डोळा लागला नाय."

"अंगात देवी यायची म्हंजे दुखायचंच. आमच्या अंगात नाय येत ती."

तेवढं बोलून रंगूबाई मळवटाचं कुंकू कालवायला बसली. तिच्या आवाजात चेष्टा नव्हती, राग नव्हता. रोजच्या कामाची बाई बोलते तशी ती बोलली, आणि तेच ऐकायला जास्त वाईट होतं.

हे दुखणं काय आहे, ते त्या घरात प्रत्येकाला ठाऊक होतं. ही गोष्ट आधीच सांगून टाकलेली बरी. नाहीतर शहाणी माणसं 'बिचारे अडाणी लोक' म्हणून हळहळतात आणि पान उलटतात. गोमाजीच्या घरात अज्ञान नव्हतं.

ऋतिका तुडीलची. सावित्री नदीच्या काठची, महाडच्या कॉलेजात बारावी झालेली, पोहण्यात पटाईत मुलगी. लग्न होऊन ती या वाडीत आली, लेक झाली, आणि लेक चालू लागली त्या सुमारास हिची मान डावीकडे जायला लागली. पहिल्यांदा सगळ्यांना वाटलं, उशी चुकली. मग वाटलं, नखरे आहेत. मग घरात तिचं नावच 'वाकडी' पडलं. गोमाजी चारचौघांत म्हणायचा, "तुडीलवाल्यांनी वाकडा माल गळ्यात बांधला आमच्या." हळदीच्या घरी तिला नेत नसत. पाहुणे आले की तिनं मागच्या दाराला, गोठ्याशेजारी बसायचं. भगतानं तिला मिरच्यांची धुरी दिली. डोळे सुजेपर्यंत दिली. मान होती तिथेच राहिली.

शेवटी बौद्धवाडीतली ललिता, वाडीची आशाताई, पोलिओच्या डोसाच्या निमित्तानं घरी आली आणि गोठ्याशेजारी बसलेली ही बाई तिनं पाहिली. तिनं ऋतिकाच्या नवऱ्याला, अक्षयला, मुंबईला फोन लावला. "अहो, हे बाहेरचं काही नाही. मज्जातंतूंचा आजार वाटतो. मोठ्या दवाखान्यात दाखवा," असं ती स्वच्छ म्हणाली. अक्षय मुंबईत एका गोदामात सुपरवायझर होता. तेव्हा त्याला बायकोची लाज वाटत होती, आणि लाजेपोटी का होईना, तो तिला घेऊन गेला.

डॉक्टरीणबाईंनी नाव सांगितलं, सर्व्हायकल डिस्टोनिया. मेंदूकडून मानेच्या स्नायूंना चुकीचे हुकूम जातात आणि स्नायू सारखे आवळत राहतात. त्यांत बोट्युलिनम टॉक्सिनची इंजेक्शनं द्यायची. मुळात ते विषच, पण इतक्या थोड्या मापात दिलं की आवळलेला स्नायू तेवढा सैल पडतो. हनुवटीला बोट लावलं की मान सरळ का होते, हेही ऋतिकानं विचारलं. बाई हसल्या. "या आजारात अशी एखादी युक्ती पुष्कळांना सापडते. तुमची तुम्हीच शोधलीत."

"डॉक्टर, एकदाच काय ते परमनंट नाय होणार का?" अक्षयनं विचारलं होतं.

"नाही. दर तीन महिन्यांनी यावं लागेल. बरीच वर्षं, कदाचित नेहमीच. चष्मा आपण आयुष्यभर लावतोच ना? तसं समजा. पण खाडा करू नका. खाडा केलात तर दुखणं पुन्हा मूळपदावर येईल."

आणि ऋतिका खरंच उभी राहिली. इंजेक्शननंतर आठवडा-दीड आठवड्यात मान सैल पडायची. ती भातलावणीला जायची, डोक्यावरून हंडा आणायची, लेकीला पाठुंगळी घ्यायची. अंगणवाडीत मदतनीस म्हणून लागली. दर तीन महिन्यांनी ती एसटीनं महाड, तिथून रिक्षानं वीर स्टेशन आणि वीरहून गाडीनं मुंबई असा प्रवास अक्षयच्या सोबतीनं करायची, आणि परत येताना माणसांकडे समोर बघून बोलायची. अशी काही वर्षं चांगली गेली. 'वाकडी' हे नाव लोक विसरले.

गेल्या नवरात्रात मात्र घोटाळा झाला. अक्षयला सुट्टी मिळाली नाही, इंजेक्शन लांबलं आणि मान पुन्हा ओढू लागली. देवळात आरतीला ऋतिका बायकांत उभी होती. कौल लावणं चाललं होतं. आपल्याकडची रीत सगळ्यांना माहीत आहे. देवीच्या अंगावर कळ्या लावायच्या, प्रश्न विचारायचा, उजवीकडची कळी पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. वाडीतल्या राहीबाईनं प्रश्न घातला होता की सुनेला दिवाळीला माहेरी पाठवावी का. कळी काही पडेना. आणि त्या शांततेत ऋतिकाचा हात हनुवटीवरून निसटला आणि मान गर्रकन डावीकडे गेली.

"डावा कौल!" कुणीतरी ओरडलं.

राहीबाईची सून त्या दिवाळीला माहेरी गेली नाही. आणि त्याच आठवड्यात, मंगळवारी, गोमाजीच्या पडवीत चार माणसं प्रश्न घेऊन येऊन बसली.

गोमाजीनं त्यांना हाकलायला हवं होतं. घरात दवाखान्याचे कागद होते, मुलगा स्वतः डॉक्टरांशी बोलून आला होता. पण गोमाजीचं घर वाडीच्या पार टोकाचं. शिमग्याची पालखी त्याच्या दारात सगळ्यांत शेवटी यायची, तोवर भोये दमलेले आणि निम्मी माणसं घरी गेलेली असायची. गावकीच्या बैठकीत तो मागे, खांबाला टेकून बसायचा. आता त्याच्या पडवीत गावकीतली मोठी माणसं मांडी घालून बसू लागली. या शिमग्याला पालखी सगळ्यांत आधी त्याच्याच दारात यायची, असं गावकीनं ठरवूनही टाकलं. एवढ्यासाठी त्यानं सुनेची मान देऊन टाकली.

मग इंजेक्शनची गोष्ट काढली की घरात सगळ्यांना एकदम दुसरी कामं आठवायची. "शिमगा होऊ दे, मग बघू," गोमाजी म्हणायचा. "विष टोचतात तिथं मानंत. देवीच्या अंगाला विष चालंल का?" लेकीला शाळेच्या नावाखाली तुडीलला आजोळी धाडून दिली, कारण देवीच्या मांडीवर पोर चढलेलं लोकांना बरं दिसत नाही. अंगणवाडीची नोकरी सोडायला लावली. आणि अक्षय! तो फोनवर म्हणाला, "अगं टेन्शन नको घेऊ ना. दोन-तीन महिने अॅडजस्ट कर. बाबांची किती इज्जत वाढलीय गावात, समज ना जरा." ज्या मानेची त्याला लाज वाटत होती, तीच मान आता तो मुंबईतल्या मंडळात मिरवत होता.

ऋतिकाला रडू येईनासं झालं होतं.  आपल्या पायांवर लोकांची कपाळं टेकली की ती पाय आखडून घ्यायची. तरी तिची समजूत होती की निदान ही बाहेरची माणसं भाबडी आहेत, त्यांना खरंच देवी दिसते. ती समजूत आदल्या मंगळवारी संपली. मागच्या दाराशी ती हात धूत होती, आणि अंगणात गोमाजी एका माणसाला समजावत होता. त्या माणसाला बहिणीला वडिलांच्या जमिनीतला हिस्सा द्यायचा नव्हता.

"असा प्रश्न घालू नको," गोमाजी खालच्या आवाजात सांगत होता. "'जमीन माझ्याकडंच ठेवू का' म्हणशील तर डावा येईल नि फसशील. 'बहिणीला हिस्सा द्यावा का' असं इचार. डावा आला की काम झालं."

"व्हय व्हय," तो माणूस म्हणाला. "ते ठावं हाय मला. म्हटलं, तुमच्या कानावर घालावं."

म्हणजे सगळ्यांना ठाऊक होतं. ही मान डावीकडेच जाते, उजवीकडे कधी जात नाही, हे येणाऱ्या प्रत्येकाला पक्कं माहीत होतं. म्हणून तर ते येत होते. सुनेला माहेरी पाठवावी का, मुलीला पुढं शिकवावी का, विधवा भावजयीला घरात ठेवावी का. ज्याला जे नाकारायचं असेल ते त्यानं घेऊन यायचं आणि एका आजारी बाईच्या स्नायूकडून देवीची सही घेऊन जायचं. 

आणि आता पुन्हा मंगळवार आला होता. हिरवी साडी, कपाळभर मळवट, आणि दोन्ही हातांत ओटीचा नारळ. नारळाची युक्ती रंगूबाईची होती. दोन्ही हात गुंतले म्हणजे बोट हनुवटीकडे जात नाही. ऋतिका पाटावर बसली आणि मान डावीकडे गेली. समोरच्या माणसांऐवजी तिला पडवीची भिंत दिसू लागली. कानामागून खांद्यापर्यंत दोर पिळल्यासारखं दुखत होतं.

त्या दिवशी पहिला प्रश्न मुरारीचा होता. गावकीत मुरारीचा शब्द चालायचा. पालखी कुणाच्या दारात आधी जावी, हेही शेवटी त्यानंच ठरवलेलं. त्याची सून सारिका पहिलटकरीण, आठवा महिना लागलेला. तिला त्यानं बरोबर आणून पडवीच्या कडेला बसवलं होतं. तिचे पाय गुडघ्यापर्यंत सुजले होते, तोंड फुगलं होतं, आणि ती सारखी कपाळ दाबत होती.

अंगणात, गोठ्याच्या भिंतीपाशी ललिता उभी होती. तिला पडवीत कुणी बोलावलं नाही. कधीच बोलावत नसत. ती तिथूनच बोलली.

"मुरारीभाऊ, प्रश्न नंतर विचारा. उपकेंद्रातल्या नर्सबाईंनी सकाळीच सांगितलंय, हिचं बीपी फार चढलंय. हिच्या डोळ्यांपुढे अंधारी येतेय. झटका आला तर आई आणि बाळ, दोघं जातील. मी एकशेआठला फोन केलाय, गाडी खालच्या रस्त्याला येतेय."

"तुला कुणी सांगितला गो शहाणपणा?" गोमाजी खेकसला. "त्या वाडीतनं इकडं येऊन आमच्या देवीफुडं बोलतेस?"

मुरारीनं हात जोडले. "आई, आमच्यात आठव्यात बाईनं नदी ओलांडायची नाय. तिकडं नेली की पोट फाडल्याशिवाय सोडत नायत. सूनबायला म्हाडला दवाखान्यात न्यावी का? न्यावी असंल तर उजवा दे, नको असंल तर डावा दे." घरात वालाची काढणी अर्ध्यावर होती, ते तो बोलला नाही.

प्रश्न अगदी बरोबर घातला होता. गोमाजीनं मान डोलावली.

 सारिका ऋतिकाकडे बघत होती. ऋतिकाला भिंत दिसत होती, तरी ती नजर तिला कळत होती.

एक सोपा रस्ता होता. नारळ खाली ठेवायचा, हनुवटीला हात लावायचा, जोर करून मान थोडी उजवीकडे न्यायची. उजवा कौल. सारिका दवाखान्यात गेली असती, आणि ऋतिका जन्मभर देवी राहिली असती. गोमाजी खूश, मुरारी खूश. ऋतिकाच्या मनात ते आलं. आणि पुढच्या मंगळवारी कुणाची सून, कुणाची बहीण, तेही आलं. तिनं नारळ पाटाशेजारी ठेवला आणि बोट हनुवटीला लावलं. मान समोर आली. कितीतरी दिवसांनी तिनं त्या माणसांची तोंडं सरळ पाहिली.

"हात काढ," रंगूबाई कुजबुजली.

"काढते. पण प्रश्न आता मी घालणार," ऋतिका म्हणाली. "आई, सारिकाला म्हाडला न्यावी का?" तिनं बोट काढलं. मान डावीकडे गेली. "नको म्हणते. आता दुसरा. सारिकाला घरातच मरू द्यावी का?" पुन्हा बोट, पुन्हा सोडलं. पुन्हा डावीकडे. "ते पण नको म्हणते. आता काय करणार, मुरारीकाका?"

तिनं बोट पुन्हा हनुवटीला लावलं.

"गोमाजी माझा सासरा हाय का? डावा. आज मंगळवार हाय का? डावा. शिमग्याची पालखी पयली आमच्या दारात आणावी का?" मान तिसऱ्यांदा, चौथ्यांदा, पाचव्यांदा त्याच खांद्याकडे गेली, आणि मागे बायकांत कुणीतरी फिसकन हसलं. "ही देवी नाय. ही मानेची शीर हाय, नि ती वढते. मला इंजेक्शन मिळालं की वढायची थांबते. म्हणून मला इंजेक्शन देत नायत. आणि तुम्हा सगळ्यांस्नी हे ठावं हाय. कुणाला ठावं नाय, त्यानं हात वर करा."

हात वर झाला नाही. खरं म्हणजे इथे कुणाला तरी शरम वाटायला हवी होती. निदान एखाद्यानं खाली बघायला हवं होतं. त्याऐवजी राहीबाई पुढे सरकली आणि ऋतिकाच्या पायांवर पालथी पडली.

"आज कोपली गो आई! चुकलं आमचं!"

"बघितलंत?" गोमाजीला एकदम आवाज फुटला. "देवी रागावलीय! वाईट प्रश्न घातला की अशी रागावते!" आणि भराभर माणसं वाकली. मुरारीसुद्धा. "उतारा काय देऊ, आई? कोंबडं देऊ का?" असं तो जमिनीकडे बघत विचारू लागला.

 ऋतिकानं एवढं सगळं उघडं करून दाखवलं, आणि या माणसांनी तेही गिळून टाकलं. तिनं राहीबाईच्या हातांतून पाय सोडवून घेतले, कपाळावरचा मळवट पदरानं पुसला आणि सारिकाला दंडाला धरून उठवलं. मुरारी आडवा आला नाही. सुनेच्या जिवासाठी तो बाजूला झाला नव्हता. कोपलेल्या देवीच्या वाटेत उभं राहायची त्याला भीती वाटली.

"घराभायेर पाऊल टाकलंस तर परत यायचं नाय," गोमाजी तिच्या पाठीमागून हळूच, बाकीच्यांना ऐकू जाणार नाही असं बोलला. लोकांसमोर त्याला अजून तिची गरज होती.

"नाय येत," ऋतिका म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

ललिता अंगणातून पुढे आली. दोघींनी मधे सारिकाला धरलं आणि तिघी पायवाटेनं खाली उतरल्या.

सारिका वाचली, बाळही वाचलं, हे इथेच सांगून टाकायला हवं. डॉक्टर म्हणाले, आणखी उशीर झाला असता तर कठीण होतं. मुरारीनं त्याचं श्रेय देवीला दिलं आणि कोंबडं कापलं. पुढच्या मंगळवारी गोमाजीच्या पडवीत माणसं आली, तीही नेहमीसारखीच. रिकाम्या पाटाला नमस्कार करून 'आई परत कधी येणार' असं त्यांनी रंगूबाईला विचारलं. अक्षयचे फोन येत राहिले. कशाकशाबद्दल तो बोलला, ते लिहिण्यासारखं नाही.

पण हे सगळं नंतरचं. त्या दिवशी एकशेआठची गाडी वळणावळणानं महाडकडे उतरत होती. स्ट्रेचरवर सारिका, पायांशी ललिता, आणि उशाशी ऋतिका. सारिकानं तिचे दोन्ही हात घट्ट धरून ठेवले होते, त्यामुळे हनुवटीला लावायला हात मोकळा नव्हता. प्रत्येक खड्ड्याला मान हिसका देऊन डावीकडे जात होती. ऋतिकानं ओठ दाबून धरले होते. सारिका खालून तिच्या तोंडाकडे बघत राहिली आणि मग तिनं एक हात सोडला.

"वहिनी, दुखतं का गो तुला?"

 नवरात्रापासून त्या पडवीत किती माणसं येऊन बसली. त्यांनी जमिनी विचारल्या, लग्नं विचारली, लेकीसुना विचारल्या. हे कुणी विचारलं नव्हतं. सासूनं नाही, नवऱ्यानं नाही.

"दुखतं," ती म्हणाली. "लय दुखतं."

"मग तू कधी जाणार दवाखान्यात?"

"तुझं झालं की. वीरला जाऊन गाडी पकडते." तिनं मोकळा झालेला हात हनुवटीला नेला आणि सारिकाकडे समोर बघितलं. "एकटीच जाते आता. दर तीन महिन्यांनी."